पीतांबराचा पिवळा

१२ ऑक्टोबर, रविवार

मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू: यंदाचे अकरा गणपती, सगळे शाडूचे, साच्याशिवाय. खारीच्या शेपटीचे सात कुंचले. रंग घोटायचा दगड— एका तुटलेल्या जात्याची तळी घासून सपाट केला, दोन महिने लागले. पाटणकर बाजारातल्या दुकानांच्या पाट्या, किती ते आता आठवत नाही, फ्लेक्स आला आणि सगळ्या उतरल्या. शंखाचा पांढरा. दिव्याच्या काजळीचा काळा. गेरूचे तीन तांबडे. आणि पिवळा. पीतांबराचा पिवळा! छत्रीच्या, म्हणजे राजांच्या समाधीच्या, भिंतीवर जुन्या चित्रकारांनी लावला तोच, दीडशे वर्षांत न उतरलेला. आख्ख्या ग्वाल्हेरात आज तो दुसरं कोणी करत नाही. मला कोणी शिकवला नाही. मी भिंतीजवळ उभा राहून शिकलो.

हे सगळं आज लिहायला बसलो, कारण संध्याकाळी सौरव बोलला ते डोक्यातून जात नाही.

शेजारच्या शांताताई आठ दिवस आजारी. ओकाऱ्या, पोटात मुरडा, तळपायांची आग. सौरव त्यांचा भाचा, दोन वर्षांपूर्वी इंदूरहून आला, त्यांच्याकडेच राहतो. आमच्या दोन घरांची गच्ची एकच आहे, मध्ये गुडघ्याएवढी भिंत. मी कुंचले वाळत घालत होतो. तो आला, भिंतीवर बसला. म्हणाला, "काका, बुरा मत मानना. तुमच्या त्या पिवळ्या रंगात काही होतं का? आत्याने विसर्जनाचं पाणी मेथीला घातलं होतं ना. आणि मेथी ती रोज खात होती."

मी म्हटलं, "पिवळ्यात काय असणार? दगडाचा रंग आहे."

"हां, वही तो," म्हणाला. "दगडच. आप टेन्शन मत लो." आणि खाली गेला.




१३ ऑक्टोबर, सोमवार

नीट लिहितो. नीट लिहिलं की घाबरायचं काय आणि नाही काय ते कळतं.

पिवळा म्हणजे हरताळ. त्यात दोन: पत्री हरताळ, अभ्रकासारखे पापुद्रे सुटतात तो, आणि पिंड हरताळ, ढेकळाचा. मी पत्रीच वापरतो. त्याचा तांबडा भाऊ मनशीळ, इथले लोक मैनसिल म्हणतात. आणि तिसरा पांढरा— सोमल. वैद्य त्यालाच मल्ल म्हणतात, हिंदीवाले संखिया. गोदंती हरताळ म्हणून एक येतो, तो या घरातला नाहीच, नुसतं नाव घेऊन फिरतो. बाकी तिघे एकाच रक्ताचे. पिवळा, तांबडा, पांढरा. अन् पांढऱ्याचं नाव आपल्या घरांत बायका भांडणातच काढतात— "एकदाचा सोमल घाला मला!"

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. दाना ओली गल्लीतल्या जडीबुटीवाल्या पंसाऱ्याने पहिली पुडी देतानाच सांगितलं होतं, "भैया, जीभ को मत लगाना." मी कुंचल्याला ओठांनी टोक कधीच काढत नाही. घोटताना नाकाला फडकं. पण हरताळ पाण्यात विरघळत नाही, हे मी स्वतः करून पाहिलंय. तळाशी बसतो. म्हणून लोकांना मी छातीठोक सांगितलं: बादलीत विसर्जन करा, पाणी कुंड्यांना घाला, सगळं मातीचं आणि दगडाचं आहे, बाजारातल्या केमिकलसारखं नाही. दहा घरांना सांगितलं. चार लोकांत उभा राहून सांगितलं!

आता खरी गोष्ट. हरताळ मी धुऊन गच्चीवर उन्हात वाळवतो. फार दिवस उन्हात राहिला की वर पांढरी साय धरते. ती साय म्हणजे सोमल. आणि सोमल विरघळतो.

दर वेळी साय मी खरवडतो, फेकत नाही, फेकायची कुठे? बाटलीत भरून गच्चीवरच्या फळीवर ठेवतो, वर चिठ्ठी: विष, हात लावू नये. सगळी खरवडली होती. खात्री आहे. होती खात्री. चष्म्याचा नंबर बदलायचा राहिलाय मार्चपासून.


१४ ऑक्टोबर, मंगळवार

दिवसभर कुंचला उचलला नाही.


१५ ऑक्टोबर, बुधवार

शांताताईंना बघून आलो. एवढीशी झाली बाई.

त्यांनी मला घडवलं म्हटलं तरी चालेल. शाळेत भूगोल शिकवायच्या, लग्न केलं नाही. मी आठवीनंतर शाळा सोडून पाट्या रंगवायला लागलो, तेव्हा माझी पहिली पाटी बाजारात उभी राहून वाचली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शिवाजी, हात सोन्याचा आहे, डोकंही चालव." तेव्हापासून मी प्रत्येक गणपती आधी त्यांना दाखवतो. त्या हं म्हणेपर्यंत डोळे आखत नाही.

आज मला बघून म्हणाल्या, "काय रे, तोंड असं का? मेले नाहीये अजून."

मी म्हटलं, "ताई, मेथी खाल्लीत का?"

"आजारी माणसाला हा काय प्रश्न विचारतोस? खाल्ली. छान होती. तुला पाठवली नाही म्हणून आलास होय!"

हसल्या आणि हसतानाच उबळ आली. सौरवने पटकन तसराळं धरलं. मुलगा करतो हो फार. हळद घातलेलं दूध स्वतः करून देतो, कपाळ पुसतो. मला दारापर्यंत सोडायला आला तेव्हा खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, मी कोणाला काही बोललो नाही. बोलणार पण नाही."

त्याने हे म्हणायची गरज नव्हती. म्हटल्यावर जास्त भीती वाटली.


१७ ऑक्टोबर, शुक्रवार

काल ताईंना उचलूनच दवाखान्यात नेलं. फूलबागेपलीकडचा लहान दवाखाना आहे. मी, सौरव आणि माझी बायको अनसूया. डॉक्टर गरिमा म्हणून तरुण मुलगी आहे, फार बोलत नाही. तिने ताईंचे हात हातात घेतले आणि नखांकडे बघत राहिली. नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा. मी रोज बारीक बघणारा माणूस! मला दिसल्या नव्हत्या.

बाहेर येऊन म्हणाली, "इनके घर में कोई पुरानी दवाई? कीड़े मारने का पाउडर? किसी वैद्य का कुछ?" सौरवने नाही म्हटलं. ती म्हणाली, "मुझे आर्सेनिक का शक है. लघवी का सैंपल दिल्ली भेज रही हूँ. रिपोर्ट में आया तो पुलिस को बताना पड़ेगा, कायदा है."

आर्सेनिक. चौथं नाव. हरताळ म्हटलं की मला भिंत दिसते, छत्री दिसते. सोमल म्हटलं की बायकांचं भांडण. संखिया म्हटलं की पंसाऱ्याचा डबा. पण आर्सेनिक म्हणाली आणि मला खाकी कपडे दिसले.

सौरव माझ्याकडे बघत होता. मी भिंतीकडे.

घरी येताना रिक्षात अनसूया म्हणाली, "तुम्ही एवढे गप्प का?" मी म्हटलं, गरम होतंय. वारं सुटलेलं असताना!


१८ ऑक्टोबर, शनिवार

ताई सुधारताहेत. ओकारी थांबली. मुगाची खिचडी मागितली आणि नर्सला तिचं गाव नकाशात कुठे आहे ते समजावलं म्हणे. देवा!

आणि लगेच दुसरा विचार: दवाखान्यात आल्या, मेथी सुटली, सुधारल्या. म्हणजे मेथीच. म्हणजे मीच.

अनसूयेला सांगितलं शेवटी. सगळं. ती भांडी घासत होती, घासायची थांबली नाही. म्हणाली, "आणि आपल्या गणपतीचं पाणी कुठे घातलंत?"

"कढीपत्त्याला."

तिने नळ बंद केला. वर गेली, कढीपत्ता मुळापासून उपटून पोत्यात भरून आली. घामाने निथळत होती. म्हणाली, "तुमचं ते भिंतीचं प्रेम. बाजारात पिवळ्याच्या दहा बाटल्या मिळतात, तुम्हाला दीडशे वर्षांचाच पाहिजे!"

मी पोत्याचं तोंड बांधलं. वाद घालायची वेळच नव्हती. पण बाजारातला पिवळा पीतांबराला चालत नाही. तो लिंबासारखा दिसतो.


१९ ऑक्टोबर, रविवार

घरोघर जायला निघालो. बाकीच्या नऊ घरांना सांगायचंच. कुंडीतलं काही खाऊ नका, माती मी घेऊन जातो, नवी आणून देतो. पहिल्या तीन घरी बंद दार, दिवाळीच्या खरेदीला गेलेले. बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

चौथं पद्माताईंचं. तिथे बायका चकल्या पाडत बसल्या होत्या. मी दारातूनच सांगितलं. पद्माताईंनी सोऱ्या खाली ठेवला.

"अहो शिवाजीराव, म्हणजे आमचा बाप्पा विषारी होता?"

"बाप्पा नाही हो. पीतांबर."

"मग नेसवलात कशाला?"

बायका फिस्सकन हसल्या. त्यांच्या सुनेने मोबाइलमधून डोकं वर न काढता सांगितलं, "काका, हमने तो कुछ उगाया ही नहीं. पानी नाली में डाला था." सासू तिच्यावर उसळली, "नालीत? बाप्पाला नालीत?" मग त्या दोघींचंच सुरू झालं आणि मला कोणी विचारलं नाही.

पण पद्माताई फाटकापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "शांताताईंचं याच्यामुळे?" मी मान हलवली. हो अशीही नाही, नाही अशीही नाही. त्यांना जे दिसायचं ते दिसलं. संध्याकाळपर्यंत लश्करच्या सगळ्या वस्तीत माझ्या नावावर हरताळ फासला गेला असणार.

ताई घरी आल्या! दिवाळी दवाखान्यात करणार नाही म्हणून हट्ट केला. डॉक्टरने कुरकुरत सोडलं. सौरव कडेवर उचलून जिना चढला.


२० ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी. ताईंना फराळाचा डबा नेऊन दिला. अर्धी करंजी खाल्ली. "अनसूयेला सांग, सारण कमी आहे," म्हणाल्या. मेथीच्या कुंड्या मी काल सकाळीच जिन्याखाली आणून पोत्याने झाकल्या. उघडून बघायची हिंमत नाही.


२२ ऑक्टोबर, बुधवार

परत! पहाटेपासून ओकाऱ्या. पाय धरून रडत होत्या— शांताताई, ज्यांना मी कधी रडताना पाहिलं नाही. पुन्हा तोच दवाखाना, तीच खाट.

मेथी तर खाल्ली नाही. मग? मग फराळ! डबा मी भरला. याच हातांनी. आदल्या दिवशी फळी आवरताना हरताळाच्या पुड्या हलवल्या होत्या. हात धुतले होते. साबणाने. दोनदा? एकदा? मी, जो रंगाच्या थेंबाचं गणित सांगू शकतो, त्याला आठवत नाही की हात किती वेळा धुतले!

उरलेल्या करंज्या आम्ही दोघांनीही खाल्ल्यात. आम्हाला काही नाही. पण आमचं अंग दणकट आहे. त्या एवढ्याशा.

अनसूया म्हणते, "वेड लागेल तुम्हाला." पण तिनेही डबे रिकामे केले.


२३ ऑक्टोबर, गुरुवार

मी दवाखान्यात डबा नेतो म्हटलं तर सौरव म्हणाला, "नको काका. तुमच्या हातचं आता नकोच. माझ्यासाठी नाही म्हणत, डॉक्टर काय म्हणेल." बरोबरच आहे त्याचं. मी परत फिरलो. डबा गायीलाही घालायचं धाडस झालं नाही. नाल्यात ओतला.

त्याला तरी डबा कुठे नेऊ देतात? डॉक्टरने बाहेरचं सगळंच बंद केलंय.


२५ ऑक्टोबर, शनिवार

रिपोर्ट आला. आर्सेनिकच.

सौरवने फोन केला तेव्हा मी जिन्यात होतो, खाली बसलो. मग उठलो, धोतराची घडी बाहेर काढली, ती परत ठेवली, पँट घातली. पोलिसांनी यायच्या आत आपण जाऊन सांगायचं. एवढं एकच काम नीट करता येईल असं वाटलं.

डॉक्टर गरिमाच्या टेबलावर मी हरताळाचा खडा कागदात बांधून ठेवला. हिंदीत सगळं सांगितलं. पिवळा, पांढरी साय, बादली, मेथी, करंजी. ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, "आपने ये सब खुद सीखा?" मला बरं वाटलं! त्या खुर्चीत, त्या क्षणी! असा मी माणूस.

मग ती म्हणाली, "देखिए, सगळं लिहून घेतलंय मी. पर मुझे समझ नहीं आ रहा. एक मूर्ति में रंग कितना, बादली में पानी कितना, मेथी में पहुँचा कितना. इतके आजारी पडायला हे कमी वाटतं." तिला थोडं मराठी येतं, आजी इथलीच. "गमले की मिट्टी लाइए. पुलिस सोमवार-मंगलवार को आएगी. तब तक किसी से बात मत कीजिए."

बाहेर सौरव उभा होता. "क्या बोली?" मी म्हटलं, माती आण म्हणाली. त्याने माझे दोन्ही हात धरले. "काका, मी आहे तुमच्यासोबत."


२६ ऑक्टोबर, रविवार

पोतं काढलं. मेथीच्या सहा कुंड्या. माती वर्तमानपत्रावर पसरून, भिंग लावून, चिमूट चिमूट बघितली. शाडू ओळखायला मला भिंगही लागत नाही. राखाडी, गुळगुळीत, बोटाला चिकटते. हरताळाचा कण उन्हात चमकतो, लपतच नाही.

काही नाही. सहाही कुंड्यांत नुसती शेणखताची काळी माती. शाडूचा कण नाही. पिवळ्याचा कण नाही.

दोन आठवडे मी घाबरलो आणि बघितलं नाही!

तसाच दवाखान्यात. ताई उशीला टेकून बसल्या होत्या, रंग परत आलेला. मी खाटेजवळ वाकलो. "ताई, विसर्जनाचं पाणी कुठे घातलंत?"

"चाफ्याला."

"मेथीला नाही?"

"शिवाजी, अक्कल आहे का? देवाचं पाणी भाजीला घालून मी ती भाजी फोडणीला टाकू? आईने मारलं असतं मला. चाफ्याच्या कुंडीत घातलं. तिथे कोणाचा पाय पडत नाही."

गच्चीवर धावलो. चाफ्याच्या बुंध्याशी राखाडी साय, भेगा पडलेली. भेगांमध्ये पिवळे कण. माझे. झाड हिरवंगार.

मी नाही. मी नाही केलं! गच्चीवर बसून रडलो, गल्लीपलीकडच्या गच्चीवरचा पतंगवाला बघत होता तरी.


२७ ऑक्टोबर, सोमवार

मग कुठून?

हे सकाळी सुचलं. काल सुटकेच्या नादात सुचलंच नाही.

फळीवरची पांढऱ्याची बाटली उतरवली. चिठ्ठी जागेवर. झाकण घट्ट. आत अर्धी. मी ती गळ्यापर्यंत भरून ठेवली होती. शेवटची साय भरताना बोटाने ठोकून बसवावी लागली होती.

गच्चीवर येणारी माणसं कोण? मी. अनसूया. ताई. सौरव. आणि यातलं पांढरं काय असतं ते मी सगळ्यांना शिकवलंय. ताईंना तर पहिल्यांदा. त्यांनी विचारलं होतं, किती घेतलं की माणूस जातो? मी हसून सांगितलं होतं. मास्तरीण आहे, विचारणारच, असं वाटलं.

गेल्या वर्षी त्यांची धाकटी बहीण गेली तेव्हा म्हणाल्या होत्या, आता माझ्यामागे रडायला कोणी उरलं नाही. त्यांनी स्वतःच? थोडं थोडं? देवा, नको. मी काल त्यांच्या तोंडाकडे बघितलं, त्यात तसं काही नव्हतं. पण मला नखंही दिसली नव्हती.

उद्या त्यांना विचारायचं. कसं विचारायचं?


२८ ऑक्टोबर, मंगळवार

विचारावं लागलं नाही. अनसूया भाजीला गेलेली बघून सौरव आला. बसला नाही, दार लोटून घेतलं. म्हणाला, "काका, पुलिस दुपारी येणार आहे. तुम्ही तेवढंच सांगा जे डॉक्टरला सांगितलं. मेथीचं. माती तुम्ही अजून दिली नाही ना? त्यात थोडा रंग मिसळून द्या. गलतीची काय सजा होते? आणि आत्याचं घर माझ्या नावावर झालं की तीन लाख तुमचे."

मी त्याला नाही म्हटलं. अर्धी बाटली त्याच्या हळदीच्या दुधात गेली, हेच पोलिसांना सांगणार. ताईंच्या जिवाचे तीन लाख रुपये!